एका गोलाचं शुद्धिपत्र

अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये मुलीला फुटबॉलला घातलं की मुलगी खेळते आणि बाप टोस्टी भाजतो. इथला नियमच आहे तसा. पालकांनी पाळीपाळीने क्लबचं कँटीन सांभाळायचं, चहा द्यायचा, ब्रेडमध्ये चीज घालून तो दाबून भाजायचा, आणि समोर आपली पोरं चिखलात लोळताना पाहून काचेआडून टाळ्या वाजवायच्या. पहिल्या शनिवारी मी भाजलेल्या टोस्ट्या इतक्या कडक झाल्या, की एका डच आजोबांनी त्यातली एक रुमालात बांधून घरी नेली. दाराला टेकण म्हणून ती अजून वापरात आहे, असं ऐकतो.

पण सांगायचं ते टोस्टीबद्दल नाही. सांगायचं ते त्या मैदानावरच्या सामानाच्या खोलीबद्दल. तिथे एक गृहस्थ बसायचे, घानाचे. सत्तरी गाठलेले. उंची अशी, की दारातून आधी ते आत यायचे आणि थोड्या वेळाने त्यांचं डोकं यायचं. पंजे सुपाएवढे. चेंडूंत हवा भरणं, फाटलेल्या जाळ्या शिवणं, किल्ल्या सांभाळणं, ही सगळी कामं ते निवृत्तीनंतर हौसेने करायचे. पोरं त्यांना अंकल म्हणायची. माझी बायको पहिल्याच भेटीत सरळ मराठीत "काका, चहा घेता?" म्हणाली, ते "हो" म्हणाले, आणि त्या दिवसापासून ते आमचे काका झाले. आमचं बोलणं अर्धं इंग्रजीत आणि अर्धं मोडक्या डचमध्ये चाले. इथे मी ते मराठीत देतोय, कारण माझं डच मराठीतच बरं वाटतं.

मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की मीही पुण्यात गोलकीपर होतो. हे अगदीच खोटं नव्हतं. शाळेत मला गोलात उभं करायचे, कारण मला कुठेही उभं केलं तरी मी तिथेच उभा राहायचो.

"किती गोल खाल्लेस?" काकांनी विचारलं.

"एकही नाही."

"सामने किती खेळलास?"

"एक. पावसामुळे रद्द झाला."

काका इतके हसले की हातातल्या चेंडूतली हवा गेली. मग म्हणाले, "मीही गोली होतो. पण माझ्या वेळी पाऊस पडला नाही."

तर हे काका घानाच्या समुद्रकाठच्या एका गावातल्या व्यावसायिक क्लबचे गोली होते. व्यावसायिक म्हणजे करार, बूट, पगार, गाडीवर क्लबचं नाव, सगळं रीतसर. त्या क्लबचा इतिहास मी त्यांच्याकडून शनिवारी शनिवारी ऐकला आणि सोमवारी ऑफिसात सहकाऱ्यांना सांगितला. सोमवारपर्यंत तो थोडा वाढायचा, हे मान्य करतो. दूध ठेवलं की साय धरणारच.

क्लबची स्थापना म्हणे एका जाळ्यावरून झाली. गोलाच्या नव्हे, मासेमारीच्या. दोन होड्यांच्या माणसांत जाळं कुणाचं यावरून डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा गावातल्या शाळामास्तरांनी मध्ये चेंडू टाकला आणि म्हणाले, जो जिंकेल त्याचं जाळं. सामना दोन दिवस चालला, कारण सामना संपवायचा असतो हे मास्तर सांगायला विसरले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे वाळूत आडवे झाले. भांडण कशावरून होतं ते कुणाला आठवेना. जाळं तोवर तिसऱ्याच कुणीतरी पळवलं होतं. मग दोन्ही होड्यांची मिळून एक टीम झाली.

मैदान समुद्राकडे उतरतं. एका बाजूचा गोल हुकला की चेंडू थेट लाटांत. म्हणून गोलामागे एक होडी कायम तयार असे आणि तिच्यात एक नावाडी, क्लबच्या पगारावर. फुटबॉल क्लबच्या पगारावर नावाडी असलेला जगातला हा एकमेव क्लब! आपण हरत असलो तर नावाडी वाऱ्यासारखा जाऊन चेंडू आणायचा. आपण जिंकत असलो की त्याला खांदेदुखी सुरू व्हायची.

"काका, हे खरं ना?" एकदा मी खात्री करून घेतली.

"नावाडी होता," काका म्हणाले. "खांदेदुखी तुझी आहे. तो झोपायचा."

पहिल्या जर्सी पिठाच्या पोत्यांच्या शिवल्या होत्या. कितीही धुतल्या तरी पोत्यावरची अक्षरं जाईनात. त्यामुळे एका खेळाडूच्या पाठीवर कायम 'कोरड्या जागी ठेवा' लिहिलेलं असायचं, आणि तो बिचारा दर सामन्यात एकदा तरी चेंडूमागे समुद्रात जायचा. पुढे कोकोचा एक व्यापारी अध्यक्ष झाला, त्याने सगळ्यांना करार दिले आणि बूट दिले. बुटांची सवय नसल्याने पहिल्या सामन्यात अर्धी टीम पडली. मग कप जिंकला. अध्यक्षांनी तो जपून ठेवायला म्हणून घरी नेला. सहा महिन्यांनी कमिटी ढोल वाजवत परत आणायला गेली, तर अध्यक्षीणबाई त्याने तांदूळ मोजत होत्या. त्या म्हणाल्या, "न्या, पण बरोबर दोन माणसांचं माप आहे, दुसरं आणून द्या." कमिटीने बाजारातून पातेलं आणून दिलं तेव्हा कप सुटला.

आता आमच्या स्मरणिकेकडे वळतो. परदेशात दोन मराठी माणसं भेटली की मंडळ होतं आणि तिसरा आला की स्मरणिका निघते. आमच्या मंडळाची गणपतीची स्मरणिका त्या वर्षी माझ्या संपादकत्वाखाली निघाली होती. अध्यक्षांचं मनोगत, सचिवांचं मनोगत, माजी अध्यक्षांचं जरा दुखावलेलं मनोगत, उकडीच्या मोदकाच्या तीन परस्परविरोधी पाककृती, आणि घरगुती डब्यांच्या जाहिराती. तिची एक प्रत मी कँटीनमध्ये विसरलो. पुढच्या शनिवारी काका ती पानन्‌पान उलटून बघत बसलेले.

"हे तू केलंस?"

"अशी शंभरएक केली असतील," मी म्हणालो. खरा आकडा एक.

काकांनी स्मरणिका मिटली आणि गुडघ्यावर ठेवली. "आमच्या क्लबचा अमृतमहोत्सव आहे. गावात मोठा सोहळा होईल. इथेही आम्ही जुने लोक अ‍ॅमस्टरडॅममध्ये जमणार आहोत. क्लबचा इतिहास कुणी लिहिलेलाच नाही. माणसं जातात आणि आपापला तुकडा बरोबर घेऊन जातात. तू लिहिशील?"

मी बसल्या जागी हो म्हणालो. घरी सांगितलं तर बायकोने हातातली पोळी तव्यावर तशीच सोडली.

"तू?" ती म्हणाली. "गेल्या वेळी अध्यक्षांच्या फोटोखाली 'बटाटेवडा' छापलंस तो तू?"

"ते छापखान्याचं झालं."

"आणि बटाटेवड्याच्या फोटोखाली 'आमचे लाडके अध्यक्ष'? तेही छापखान्याचंच?"

पण मी कामाला लागलो. तीन महिने शनिवार-शनिवार काका सांगायचे, मी लॅपटॉपवर उतरवून घ्यायचो. इंग्रजीत, कारण वाचणार ते त्यांचे गाववाले. अठरा पानं झाली. मास्तर, होडी, पोती, कप, सगळं आलं. काकांच्या आग्रहावरून नावाडी झोपलेलाच ठेवला. मग एका शनिवारी, कँटीन आवरून झाल्यावर, काका समोर येऊन बसले. म्हणाले, "आता माझं पान."

ते काय सांगणार याची मला कल्पना नव्हती. मला वाटलं, त्यांनी अडवलेल्या पेनल्ट्या येणार.

"तो कप जिंकल्यानंतर पुढे एका वर्षी, पुन्हा कपची फायनल," काका म्हणाले. "शेवटची काही मिनिटं. बरोबरी. त्यांच्या माणसाने लांबून एक चेंडू ढकलला. मारला नाही, नुसता ढकलला. घरंगळत आला. माझ्या पुढ्यात आमचा स्टॉपर होता. बचावातला सगळ्यात भरवशाचा माणूस. तो चेंडू मारून बाहेर काढणार, एवढ्यात मी ओरडलो, 'सोड, माझा!' त्याने सोडला. गोलीने माझा म्हटलं की सोडायचाच असतो. आणि त्याच वेळी गोलपोस्टच्या बाजूला बसलेला पेपरचा फोटोग्राफर मला म्हणाला, 'इकडे बघ.'"

"मग?"

"मी बघितलं."

काकांपुढचा चहा गार झाला होता, तरी त्यांनी कप दोन्ही हातांत धरला.

"मी हसलोसुद्धा. चेंडू माझ्या पायाजवळून गोलात गेला. प्रेक्षकांत ढोल इतके वाजत होते, की माझी हाक त्याच्याशिवाय कुणालाच ऐकू गेली नव्हती. लोकांनी बघितलं ते एवढंच, की स्टॉपर चेंडूजवळ होता आणि त्याने तो सोडून दिला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं नाव. त्याने लाच खाल्ली, इथवर लोक बोलले. त्याचा करार गेला. मला वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, पुढच्या आठवड्यात. मग माझी देशाच्या टीमसाठी निवड झाली, आणि मग सांगणं राहूनच गेलं. चाळीस वर्षं."

"ते कुठे असतात आता?"

"एनस्खेडेला. माझ्या आधी इथे आला. तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली. दर वर्षी गाववाल्यांच्या कार्यक्रमाला येतो. दर वर्षी मी ठरवतो, आज सांगायचं. आणि दर वर्षी आम्ही दोघं हवामानावर बोलतो. गेल्या हिवाळ्यात त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं." काकांनी कप खाली ठेवला. "त्याची बदनामी छापून आली होती. माझी कबुलीही छापूनच यायला हवी. जसं सांगितलं तसं लिही."

मी जसं सांगितलं तसं लिहिलं. शपथेवर सांगतो, त्या दिवशी तसंच लिहिलं.

मग रविवारी मी ते सुधारलं.

तुम्ही कधी मराठी मंडळाची स्मरणिका काढली नसेल तर तुम्हाला कळणार नाही. स्मरणिकेत आजवर कुणीही, कसलीही चूक केलेली नाही. समारंभात मांडव पडला असेल तर स्मरणिकेत 'मंद वाऱ्याच्या झुळुकीने वातावरण प्रसन्न झाले' असं येतं. चुकांसाठी स्मरणिकेत एकच राखीव जागा असते, सगळ्यात शेवटची, आणि तिथे एकच वाक्य बसतं: कळत-नकळत काही उणे राहिले असल्यास उदार मनाने पदरात घ्यावे. माझी बोटं आपोआप त्या वळणावर गेली. मला वाटलं, एवढा मोठा माणूस, त्याची किती उघडीबोडकी वाक्यं ही! जरा नेसवायला हवीत. मग मी समुद्राची गाज घातली. मावळत्या सूर्याची किरणं गोलीच्या डोळ्यांवर घातली. ढोलांचा निनाद, वाऱ्याचा लहरीपणा, नियतीचा खेळ, सगळं आलं. स्टॉपरला 'जिवलग सहकारी' केलं. आणि शेवटी इंग्रजीत तेच आपलं वाक्य: कळत-नकळत माझ्याकडून काही प्रमाद घडला असल्यास या मंगल प्रसंगी क्षमा असावी.

वाचून मलाच भरून आलं. काकांना वाचायला दिलं, तर ते म्हणाले, "माझा तुझ्यावर विश्वास आहे. मी त्याच्यासमोरच वाचेन." पुस्तिका छापून आली. काही प्रती कार्यक्रमासाठी, आणि उरलेले दोन खोके एका गाववाल्याबरोबर घानाला जायचे होते, तिथल्या सोहळ्यासाठी.

कार्यक्रम अ‍ॅमस्टरडॅमच्या आग्नेय भागातल्या एका हॉलमध्ये, दुपारी. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्या भातातून मासा काढला आणि प्रेमाने कोंबडी घातली. ढोल असे वाजत होते, की आमच्या पुण्याच्या पथकांनी लाजून शनिवारवाड्यामागे लपावं. पहिल्या रांगेत स्टॉपर बसले होते. बुटके, रुंद, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. चाळीस वर्षांनीही त्यांना ओलांडून चेंडू जाईल असं वाटत नव्हतं.

काका माईकपुढे उभे राहिले. पुस्तिका हातभर लांब धरली आणि एकोणिसावं पान वाचायला लागले. सूर्याची किरणं आली. समुद्राची गाज आली. लोक "वा!" म्हणाले. तिसऱ्या वाक्यापासून काकांचा आवाज मंद व्हायला लागला. ते वाचत होते आणि पुढची ओळ शोधत होते, अंधारात खिशातल्या किल्ल्या शोधाव्यात तशी. मग आलं ते वाक्य, कळत-नकळत. आणि पान संपलं.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "काय मोठं मन! चूक त्या स्टॉपरची, आणि हा स्वतः माफी मागतोय."

हे शब्द कानात पडले आणि मी टाळ्या वाजवणारे हात खाली घेतले.

स्टॉपरनीही टाळ्या वाजवल्या. काठी बगलेत धरून, सावकाश, सभ्यपणे. मग उठून काकांशी हात मिळवला. "छान वाचलंस," ते म्हणाले. "एनस्खेडेला सकाळपासून पाऊस आहे." आणि गाडी गाठायला निघून गेले.

काका माझ्याकडे आले. मला वाटलं, हे सुपाएवढे पंजे आज माझ्या पाठीत बसणार. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी पुस्तिका उघडून माझ्यापुढे धरली.

"यात मी काय केलं, ते दाखव," ते म्हणाले. "बोट ठेव."

मी बोट फिरवलं. सूर्याने काय केलं ते होतं. वाऱ्याने काय केलं ते होतं. नियतीने तर भरपूरच केलं होतं. माझं बोट पानाच्या तळापर्यंत गेलं, उलटं वर आलं, आणि कुठेच थांबलं नाही.

"मी एक चूक केली होती," काका म्हणाले. "एकच. ती मला चाळीस वर्षं बरोबर माहीत होती. तू लिहिलंस, काही झाली असल्यास."

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्यात. ऑफिसला उशीर झाला म्हणून एकदा ट्रामसमोर हंसांचा मोर्चा उभा केला होता, आणि बॉसने तो मान्य केला होता. पण त्या दिवशी मला एकही सुचेना. सुचलं ते शुद्धिपत्र.

मी काकांना सांगितलं, आमच्याकडे पुस्तक छापून झालं आणि चूक सापडली, की एक चिठ्ठी छापतात आणि पुस्तकात डकवतात. डावीकडे 'अशुद्ध', उजवीकडे 'शुद्ध'. दोन्ही खोके अजून गेलेले नाहीत. प्रत्येक प्रतीत चिकटवू.

"आणि त्याची प्रत?"

"ती आपण जाऊन देऊ."

घरी येऊन मी टाइप करायला बसलो. बायकोला सगळं सांगितलं होतं. ती हातात लाटणं घेऊन माझ्यामागे उभी राहिली आणि आमची कन्या दाराला टेकून बघत राहिली. मी डावीकडे लिहिलं: पान एकोणीस, संपूर्ण. उजवीकडे लिहिलं: मी 'सोड, माझा' असं ओरडलो, म्हणून त्याने चेंडू सोडला. मी फोटोग्राफरकडे बघत होतो. गोल माझ्यामुळे झाला. हे मी चाळीस वर्षं कुणालाही सांगितलं नाही.

मग माझं बोट पुन्हा की-बोर्डवर गेलं. फक्त एकच विशेषण, मला वाटलं. 'दुर्दैवी' चालेल.

"हात काढ," बायको म्हणाली.

"अगं, एकच..."

"की-बोर्डवरून हात काढ म्हणते ना!"

"बाबा, स्टॉप," कन्या म्हणाली. "इट्स फिनिश्ड."

तेवढंच छापलं.

पुढच्या शनिवारी आम्ही एनस्खेडेच्या गाडीत बसलो. काकांनी सूट घातला होता. पुस्तिकांचे दोन्ही खोके, चिठ्ठ्या आणि गोंदाच्या कांड्या माझ्याकडे, कारण खोके सोमवारी विमानात चढायचे होते आणि मी ठरवलं होतं की येताना गाडीत डकवत यायचं. दोन तासांचा प्रवास. अमर्सफोर्ट गेलं, आपेलदोर्न गेलं, काका खिडकीबाहेरच्या गाई मोजत राहिले. देव्हेंटरला म्हणाले, "तो दार उघडणार नाही." हेंगेलोला म्हणाले, "उघडलं तर मी बोलणार नाही, तू बोल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नको. तू तर मुळीच नको."

स्टॉपरनी दार उघडलं. छोटं घर, स्वच्छ, खिडकीत मिरचीची रोपं. त्यांनी आम्हाला बसवलं, आल्याचा चहा दिला, आणि पावसाबद्दल बोलायला लागले. काकांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि टेबलावरून पुढे सरकवली.

स्टॉपरनी चष्मा लावला. चार ओळींची चिठ्ठी. माझ्या अंदाजाने ती वाचायला त्यांना पाऊण तास लागला. बरं, पाच मिनिटं. मग त्यांनी पेन मागितलं. मी दिलं. त्यांनी उजवीकडच्या रकान्यात एक शब्द घातला आणि चिठ्ठी परत सरकवली.

'दोनदा.' मी 'सोड, माझा' असं दोनदा ओरडलो.

"दोनदा ओरडलास," ते म्हणाले. "पहिल्यांदा मी सोडणार नव्हतो."

काकांनी मान हलवली. "दोनदा."

"आणि फोटोग्राफर कुठला? तो मला माहीत नव्हता. चाळीस वर्षं मी विचार करतोय की तू बघत कुठे होतास. मला वाटलं तुला चक्कर आली." मग त्यांच्या खांद्यांत काहीतरी हललं आणि ते हसायला लागले. काठी खाली पडली, चष्मा घसरला. "फोटोसाठी! अरे माकडा, फोटोसाठी! कसा आला होता?"

"छापला नाही," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी तुझा छापला."

हसणं थांबलं. खिडकीवर पाऊस वाजत होता. माझ्याने गप्प बसवलं नाही, माझ्याने कधीच बसवत नाही.

"पण तुम्ही का नाही सांगितलं, की यांनी हाक मारली होती?"

स्टॉपरनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पुण्यातून चालत आलोय.

"तिसऱ्याच दिवशी सांगितलं. पेपरवाल्याला, कमिटीला, चर्चमध्ये. सगळे म्हणाले, चूक करणारा दुसऱ्याकडेच बोट दाखवतो. माझ्या तोंडून ते खरं होऊच शकत नव्हतं." त्यांनी काकांकडे बोट केलं. "या तोंडून यायला हवं होतं."

काकांचे पंजे गुडघ्यांवर उताणे पडले होते, चेंडू हातातून सुटल्यासारखे.

स्टॉपर उठले, फोन आणला आणि टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. "माझी थोरली बहीण. गावातच असते. मासळी बाजारात बसायची. त्या गोलानंतर वर्षभर तिच्याकडून लोकांनी मासा घेतला नाही." त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक कपाळ आणि रंगीत फडकं आलं, बाकी बाई पडद्याबाहेर. स्टॉपरनी त्यांच्या भाषेत चिठ्ठी वाचून दाखवली. 'दोनदा'सकट.

कपाळ स्थिर राहिलं. मग ते मागे गेलं, पूर्ण चेहरा आला, आणि त्या बाई बोलायला लागल्या.

मला त्यांच्या भाषेतला एक शब्द येत नाही. पण माझी आत्या सदाशिव पेठेतली आहे, त्यामुळे भाषांतराची गरज पडली नाही. पहिल्या वाक्यालाच काका खुर्चीतून उठून उभे राहिले. दुसऱ्याला त्यांनी कोटाचं बटण लावलं. पुढचा चांगला पाऊण तास, आणि ही पाऊण तासाची गोष्ट मी वाढवून सांगत नाही, तो साडेसहा फुटांचा म्हातारा साखरेच्या डब्यापुढे मान खाली घालून उभा होता. मध्येमध्ये एक शब्द म्हणत होता. तो 'हो' असणार.

मग बाई थांबल्या. पाणी प्यायल्या. काहीतरी शांतपणे म्हणाल्या.

"काय म्हणतात?" मी स्टॉपरना हळूच विचारलं.

"म्हणते, माझ्या भावाच्या तोंडून नको. त्याने वाचावं. आणि थांबा म्हणते, ती शेजारणींना बोलावतेय."

आम्ही थांबलो. पडद्यावर भिंत दिसत होती. खुर्च्या ओढल्याचे आवाज आले, कोंबड्या ओरडल्या, बायकांची कुजबुज वाढत गेली. मी एका खोक्यातली पुस्तिका काढून गोंद लावायला घेतला, तर स्टॉपरनी माझ्या हातावर चापट मारली. म्हणाले, आधी तो शब्द सगळ्या चिठ्ठ्यांवर घाल. मी घालत बसलो.

काकांनी चष्मा लावला, चिठ्ठी दोन्ही हातांत धरली आणि वाचली. चार ओळी. आवाज हळू होता, पण शेवटपर्यंत गेला.

पलीकडून बहिणीचा आवाज, लहानसा, एकच वाक्य.

स्टॉपरनी काकांकडे बघितलं आणि मला सांगितलं, "म्हणते, मागे बसलेल्यांना ऐकू आलं नाही."

काकांनी घसा खाकरला, छाती भरून घेतली, आणि गोलातून ओरडतात तसं पुन्हा वाचायला सुरुवात केली.